मानेला झटका देऊ नका, आणि तो मेसेजही पुढे पाठवू नका

गेल्या रविवारी संध्याकाळी खारेगावात कबड्डीच्या सरावात माझ्या भाच्याच्या कानशिलावर रेडरचा गुडघा बसला. भाचा १५ वर्षांचा, उजव्या कोपऱ्यात खेळतो. घोटा धरायला खाली वाकला, रेडर गर्रकन फिरला, आणि झालं. पडला, उठला, "मान धरलीय" म्हणाला. तिथल्या एका मोठ्या मुलाने त्याला खाली बसवलं, एक हात हनुवटीला, एक डोक्यामागे लावला आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकली. का, तर व्हॉट्सॲपवर तसं आलं होतं.

तोच मेसेज त्याच दिवशी सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर होता. टाकणारा माझा दादा, म्हणजे त्या पोराचा बाप.

रात्री जेवताना मुलाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात पळालो. तिथे मानेला कॉलर लागली, तपासण्या झाल्या. हाड शाबूत आहे. कन्कशन आहे, म्हणजे मेंदूला हादरा बसलाय. मी अकरा वर्षं कबड्डी खेळले, आता कळव्यात मुलींना शिकवते. डॉक्टर नाही. पण त्या मेसेजमधली सातही कलमं वाचल्यावर मला गप्प बसवत नाही. शीर्षकच असं: "खेळताना डोक्याला, मानेला मार? दवाखान्यात पैसे घालवू नका, हे ७ घरगुती उपाय करा." आता तो गोविंदा पथकांच्या ग्रुपवरही फिरतोय असं कळलं. गुरुपौर्णिमेपासून थरांचे सराव सुरू होतात, त्या पोरांच्या हातात हे पडणार.

क्रमाने जात नाही. सगळ्यात घातक कलम दुसरं आहे, ते आधी.

"मान आखडली तर जाणकाराने दोन्ही बाजूंना हलका झटका द्यावा. कट असा आवाज आला की शीर मोकळी झाली समजावे."

त्या आवाजाचा शिरेशी काही संबंध नाही. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होऊन तो आवाज येतो. बोटं मोडताना येतो तोच. त्यावरून काही जागेवर बसलं, सुटलं, मोकळं झालं असं काहीच कळत नाही.

आता मानेत काय असतं ते बघा. सात मणके. त्यांच्या मधून मज्जारज्जू जातो, आणि श्वासाचा पडदा हलवणारी नस त्यातल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पातळीवरून निघते. मणक्याला तडा गेला असेल, पण तुकडा अजून जागेवर असेल, तर माणूस चालतो, बोलतो, फक्त "मान दुखतेय" म्हणतो. त्या अवस्थेत कुणी झटका दिला आणि तुकडा सरकला, तर हातपाय जातात. वरच्या पातळीवर सरकला तर श्वास जातो. आमच्या मुलाचं हाड तुटलेलं नव्हतं हे त्या झटका देणाऱ्याला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. मैदानावर ते कळायचा मार्गच नाही.

दुसरी गोष्ट रक्तवाहिन्यांची. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात आणि त्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या वर चढतात. मान जोरात पिळली गेली की त्या आतून फाटू शकतात. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज आठवतो? २५ नोव्हेंबर २०१४, सिडनी. डोक्यावर हेल्मेट होतं. चेंडू हेल्मेटच्या खाली, डाव्या कानामागे मानेवर लागला, ही धमनी फाटली, मेंदूभोवती रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांनी तो गेला. वय २५. त्याला लागलेला मार आणि मैदानावर दिलेला झटका सारखे नाहीत, हे मलाही कळतं. पण ज्या जागेवर एका चेंडूने जीव जातो, त्या जागेला मार लागल्यावर कुणी हात घालून पिळावं?

मग करायचं काय? मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, जोर कमी वाटत असेल, तर त्याला आहे तिथेच, आहे तसं पडून राहू द्या. एकाने डोक्याशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं आणि बोलत राहायचं. दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. उठवायचं नाही, बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, हेल्मेट असेल तर ओढून काढायचं नाही. उलटी झाली तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून सगळं अंग एकदम कुशीवर वळवायचं, त्यासाठी तीन-चार जण लागतात. श्वासच थांबला असेल तर मात्र मानेचा विचार मागे, श्वास आधी.

गोविंदांनो, हे तुमच्यासाठी जास्त. वरच्या थरावरून पडलेल्या पोराला चार जण हात-पाय धरून झोळीसारखं उचलतात आणि गर्दीतून पळत नेतात. डोकं मागे लटकत असतं. मी हे ठाण्यात डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नव्हे. मदतीच्याच भावनेने करतात, तरीही हे थांबलं पाहिजे. सरावाच्या जागी एक कडक स्ट्रेचर ठेवा आणि ते वापरायचं कसं हे थर लावायच्या आधी शिका.

आता पहिलं कलम: "बेशुद्ध पडला नाही म्हणजे मेंदूला काही झाले नाही." साफ चूक. इथे मी एकाच कागदाचा आधार घेणार आहे, पुढेही तोच येईल. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर सहावी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिचं एकमताचं निवेदन २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये छापून आलं. त्यात सरळ लिहिलंय की कन्कशनमध्ये शुद्ध हरपेलच असं नाही. मेंदू कवटीत गच्च बसवलेला नसतो. डोकं अचानक हलतं, वळतं, थांबतं, तेव्हा आत तो हादरतो. त्याची खूण म्हणजे डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, "आपला स्कोअर किती" हे न आठवणं. कधी कधी ही लक्षणं तासांनी उमटतात. २०१९ च्या ॲशेसमध्ये लॉर्ड्सला जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासलं, ठीक वाटला, परत येऊन फलंदाजीही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास सुरू झाला आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला, कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू. सोबत संघाचा डॉक्टर असूनही हे घडतं. आपल्या मैदानावर तर डॉक्टरच नसतो. म्हणून शंका आली की त्या दिवशीचा खेळ संपला.

तिसरं: "टेंगूळ बाहेर आले की धोका टळला, मार आत गेला नाही." हे माझी आईही म्हणते आणि तिच्याशी वाद घालणं सोपं नाही. पण टेंगूळ म्हणजे कवटीच्या बाहेर, कातडीखाली साचलेलं रक्त आणि सूज. कवटीच्या आत काय चाललंय याचा त्यावरून काही पत्ता लागत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. कानशिलाजवळ हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. ती फाटली तर माणूस थोडा वेळ अगदी नीट बोलतो-चालतो आणि मग एकदम ढासळतो. भारताचा क्रिकेटपटू रमण लांबा याचं उदाहरण आपल्याकडचंच. फेब्रुवारी १९९८, ढाका. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभा होता, चेंडू डोक्याला लागला. स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. थोड्या वेळात शुद्ध हरपली, शस्त्रक्रिया झाली, तरी तीन दिवसांत गेला. वय ३८.

चौथ्या कलमात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. "मार लागलेल्याला रात्रभर झोपू देऊ नका." त्याला पहिले काही तास एकटं सोडू नये, कुणीतरी जवळ बसून लक्ष ठेवावं, हे बरोबर. आजीच्या पिढीकडे स्कॅन नव्हता, जागं ठेवून बोलतं करणं हीच तपासणी होती. पण डॉक्टरने पाहून घरी सोडल्यावर झोप रोखून काही मिळत नाही. हादरलेल्या मेंदूला झोप हवीच असते. डॉक्टरने मधूनमधून उठवून बघायला सांगितलं असेल तर तेवढं करायचं. हाक मारून, हलवूनही जागा होत नसेल, तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही.

पाचवं: "हेल्मेट असेल तर डोक्याची चिंता नको." हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, आणि त्यासाठी ते घालायलाच हवं. सीझन बॉलवर बिनहेल्मेट खेळणाऱ्या पोरांना मी मैदानातून हाकलते. पण आत मेंदूचं हलणं ते थांबवत नाही, आणि मान तर उघडीच राहते. ह्यूजनंतर हेल्मेटला मागे मानेचं गार्ड लावायला सुरुवात झाली. ऑस्ट्रेलियाने आपल्या क्रिकेटमध्ये ते ऑक्टोबर २०२३ पासून सक्तीचं केलं. आपल्याकडे अकादमीची फी भरणारे पालक हेल्मेट धाकट्याला मोठ्या भावाचं देतात, हनुवटीचा पट्टा सैल, आतलं पॅडिंग दबलेलं. आणि जोरात चेंडू खाल्लेलं हेल्मेट पुढे वापरायचं नसतं, वरून धड दिसलं तरी.

सहावं, कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचं. त्यावर वेळ घालवत नाही. डोक्याला मार लागून कुणाला फिट येत असेल तर ती दवाखान्याची घाई आहे, नाकाशी काहीही धरायची वेळ नाही.

सातव्या कलमात दोन गोष्टी एकत्र कोंबल्यात. पहिली, "रोज दहा मिनिटे शीर्षासन, मान पोलादी होईल." मान बळकट असावी हे मलाही पटतं. रग्बीत मानेच्या व्यायामासह नीट आखलेला वॉर्म-अप करून घेतल्यावर कन्कशन कमी झाल्याचा उल्लेख त्या ॲम्स्टरडॅमच्या निवेदनात आहे. माझ्या मुली हाताने कपाळाला, कानाला विरोध देऊन मानेचे व्यायाम करतात, पण ते मान न हलवता, हळूहळू वाढवत. वाढत्या वयाच्या पोराने शिकवणाऱ्याशिवाय दहा मिनिटं सगळ्या शरीराचा भार मानेवर घेणं हे वेगळं प्रकरण आहे, आणि मार लागलेल्या मानेवर तर ते करूच नये. त्यापेक्षा पकड करताना डोकं कुठे ठेवायचं ते शिकवा. घोट्याला हात घालताना डोकं रेडरच्या पायांच्या मधे किंवा गुडघ्यासमोर न्यायचं नाही, बाहेरच्या बाजूला ठेवायचं. नजर खाली मॅटकडे गेली की गुडघा दिसत नाही. माझ्या भाच्याचं नेमकं तेच चुकलं, आणि ते आम्ही शिकवणाऱ्यांनी आधीच सुधारायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, "स्कॅन नॉर्मल असेल तर दुसऱ्या दिवशी मैदानात उतरून घाम गाळा, सगळे निघून जाते." नेहमीच्या स्कॅनमध्ये कन्कशन दिसतच नाही. स्कॅन रक्तस्राव आणि तुटलेलं हाड शोधायला असतो. तो नॉर्मल आला याचा अर्थ तेवढं नाही, इतकाच. घाम म्हणाल तर तिथेही अर्धं कुठेतरी ऐकलेलं आहे. अंधाऱ्या खोलीत दिवसचे दिवस पडून राहा, असं आता सांगत नाहीत. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मोबाइल कमी, मग लवकरच हलकं चालणं. पण तिथून सामन्यापर्यंत सहा पायऱ्या आहेत: रोजची हालचाल, हलका व्यायाम, डोक्याला धोका नसलेला एकट्याचा सराव, अंगाला अंग न लागणारा सराव, पूर्ण सराव, मग सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि धडक होऊ शकेल अशा सरावाआधी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरचा होकार हवा. त्याआधी शाळा. पहिला हादरा उतरायच्या आत दुसरा बसला तर, विशेषतः या वयात, मेंदूला जीवघेणी सूज आल्याच्या घटना आहेत. क्वचित, पण आहेत.

दादा, तू मेसेज काढून टाकलास, ते बरं केलंस. पण तू तो चाळीच्या ग्रुपवर, मंडळाच्या ग्रुपवर आणि शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरही टाकला होतास. तिथे आजच "मी चुकीचं पाठवलं होतं, मानेला हात लावू नका" एवढं एक वाक्य तुझ्या नावाने लिही. झटका देणारा पोरगा काल घरी आला होता, रडत होता. त्याला मी काही बोलले नाही.

आज भाचा अर्धा दिवस शाळेत जाऊन आला. दुपारी गणिताच्या तासाला डोकं ठणकायला लागलं म्हणून उद्या फक्त मासुंदा तलावाला एक फेरी, तीही आईसोबत. जिल्ह्याच्या निवड चाचणीचं विचारतोय. ते त्याचे डॉक्टर ठरवतील.