जळगाव ते गोंदिया, विमानाने एक तास

आमच्या थोरलीला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. ती गोंदियाला, आम्ही जळगावला. परवा जेवताना आई म्हणाली, "पोरीले इमानमा बसाडीसन लई या." आई अमळनेरकडची. स्वतः कधी विमानात बसली नाही, पण कुसुंब्याच्या विमानतळाकडे उतरणारं विमान दिसलं की हातातलं काम ठेवून बघते.

मी मोबाईलवर शोधलं. दोन्ही विमानतळांमधलं अंतर ४८८ किलोमीटर, उड्डाणाला साधारण तासभर. आईला वाचून दाखवलं. तिचा चेहरा असा खुलला की पुढचं सांगायला माझी जीभ रेटेना. जळगावहून गोंदियाला थेट विमानच नाही.

मग हा तास येतो कुठून? अंतर सांगणाऱ्या वेबसाइट दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतात, पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळची रेषा काढतात, तिला मोठ्या जेट विमानाच्या वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर धरतात. आपल्याकडे येतं ते एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, ताशी पाचशेच्या आसपास जाणारं. तरी तेही सव्वा तासात पोचेल. अडचण वेगाची नाहीच, त्या रेषेवरून कुणी उडत नाही ही आहे. गणिताने काढलेली वेळ खऱ्या प्रवासाची म्हणून दाखवणं मला चुकीचं वाटतं. घरात अवघडलेली लेक असते तेव्हा माणूस त्या आकड्यावर भरवसा ठेवतो.

हैदराबादमार्गे आणायचं म्हटलं तर हजारेक किलोमीटर होतात, दुपटीहून जास्त. दोन वेगळी तिकिटं, मध्ये ताटकळणं, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरं गेलं. सातव्या महिन्यात हे कोण करेल?

माझा राग विमान नाही याचा नाही, आखणीचा आहे. छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवा देणारी केंद्राची 'उडान' योजना आली तेव्हा सांगितलं होतं, साधारण तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये. जळगाव-गोंदिया अगदी त्याच मापाचं अंतर! पण मार्ग विमान कंपन्या निवडतात आणि त्या मोठं शहर बघतात. तोट्याची भरपाई मिळते तीही ३ वर्षांपुरती. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, पुढे बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. मुंबई, पुणे, हैदराबाद हवंच, मी नको म्हणत नाही. पण खान्देशाच्या सोयरिकी विदर्भात आहेत. भुसावळच्या रेल्वेवाल्यांच्या बदल्या नागपूरकडे होतात, पोरं तिकडे शिकतात. आठवड्यातून दोनदा जळगाव-नागपूर-गोंदिया असं एक एटीआर फिरवून तर बघा. ही मागणी आमदार-खासदारांनी लावून धरावी, आणि आपणही त्यांना सोडू नये.

तोवर रेल्वेच आपली. रुळाने साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर, नऊएक तास. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून दुपारी निघते आणि रात्री उशिरा जळगावात येते. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, आडवं पडून येऊ द्या, दर तासाला थोडं चालू द्या. खालचे दोन बर्थ मिळालेत. आईने उशी आणि गोधडी बांधून ठेवलीय, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा देणार म्हणते. मी गुरुवारी निघतोय.