समुद्र दिसतो, पण लागत नाही

इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या पूर्वेला, १८३४ मीटर उंचीचा जेन्नार्जेंतू पर्वत आणि तिऱ्हेनियन समुद्र यांच्या कचाट्यात सापडलेला ओल्यास्त्रा नावाचा प्रदेश आहे. म्हणण्याजोगी सपाट जमीन तोर्तोलीच्या आसपास काय ती आहे. बाकी सगळीकडे माणूस एक तर चढत असतो, नाही तर उतरत असतो. दोरगालीहून बाउनेईला येणारा रस्ता जेन्ना सिलाना खिंडीत १०१७ मीटरवर नेऊन मग वळणावळणाने असा खाली सोडतो की पोटातील न्याहारीही आपल्या निर्णयाचा फेरविचार करू लागते. त्यातच एखाद्या वळणावर शेळ्यांचा कळप ऐन रस्त्यात रवंथ करीत बसलेला असतो आणि हॉर्न वाजवणाऱ्याकडे अत्यंत तुच्छतेने पाहतो.

काला गोलोरित्झे हा येथील सर्वांत देखणा किनारा. १९६२ साली दरड कोसळून तो तयार झाला आणि शेजारी १४३ मीटर उंचीचा चुनखडकाचा सुळका उभा आहे. होड्यांना किनाऱ्याला लागण्याची बंदी आहे, रोज मोजक्याच लोकांना प्रवेश मिळतो आणि त्यासाठी आधी तिकीट काढावे लागते. थोडक्यात, पैसे भरून पाय दुखवून घ्यायचे. वरच्या गोल्गोच्या पठारावरून किनाऱ्याकडे उतरताना सौभाग्यवती आनंदात होत्या. परतीच्या चढाला, सैल गोट्यांवरून घसरत, भर दुपारी, त्यांनी माझ्याशी बोलणे बंद केले. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, हातात नुसती काठी घेऊन, "बोनजोर्नो" म्हणत आम्हाला मागे टाकून गेले. धाप लागल्यामुळे आम्हाला उत्तरही देता आले नाही.

या भागातील माणसे फार जगतात, हे जानी पेस आणि मिशेल पुलँ या संशोधकांनी २००४ साली जगापुढे मांडले. पुढच्या अभ्यासात या दीर्घायुष्याचा संबंध मेंढपाळीशी आणि उभ्या चढाच्या जमिनीशी असल्याचेही दिसले. रोज हा डोंगर चढणाऱ्याला न्यायला यमही कंटाळा करीत असावा.

संध्याकाळी गावातल्या खाणावळीत कुलुर्जोनेस, म्हणजे इथला सारण भरलेला पास्ता, समोर आले आणि घरात शांतता प्रस्थापित झाली. बटाटा, मेंढीच्या दुधाचे चीज आणि पुदिना भरलेल्या त्या पारीच्या कडेला गव्हाच्या लोंबीसारखी अशी नाजूक मुरड घातली होती की सौभाग्यवतींनी ताट उचलून दिव्याखाली धरले आणि आपल्या करंज्यांविषयी प्रथमच मौन पाळले.

शेजारच्या टेबलावर तेच काठीवाले गृहस्थ कान्नोनाऊ वाइनचा पेला घेऊन बसले होते. आमच्याकडे वळून, समुद्राच्या दिशेने हात उंचावत त्यांनी बराच वेळ काहीतरी विचारले. सौभाग्यवतींनी तोंडभर हसून "सी, सी", म्हणजे "हो, हो", म्हटले. खाणावळीच्या मालकिणीने मला बाजूला घेऊन मोडक्या इंग्रजीत खुलासा केला, की उद्या पहाटे पाच वाजता ते आम्हाला याहून अवघड वाटेने खाली नेणार आहेत आणि बूट मात्र चांगले घालावेत.