४० दिवसांत पॅटर्न बदलत नाही

मागच्या आठवड्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती ब्रह्मपुरीकडे दिलेली आहे. तिचा मोठा पोरगा नऊ वर्षांचा, एसएस पॅटर्नचा, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा. "ताई, याचे पाय लय दुखून राह्यले वं. हात लावू देत नाही." हायड्रोक्सीयुरियाची कॅप्सूल चालू आहे ना, मी विचारलं. ती गप्प. मग म्हणाली, "वीस दिवस झाले, बंद केली. तो मेसेज आला होता ना सिकलसेलचा. त्यात जहर हाय म्हणून लिवलं होतं."

त्याच रात्री पोराला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाईन, दुखण्याची इंजेक्शनं. आता घरी आहे. तो मेसेज माझ्याकडेही तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो पुसून टाकला. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. आज देते. मी डॉक्टर नाही. कुरखेड्याकडच्या एका गावात अंगणवाडी चालवते, आणि स्वतः एसएस आहे, ३६ वर्षांपासून.

मेसेजचा मथळा 'सिकलसेल मुळापासून बरा'. आत असं लिहिलंय: हायड्रोक्सीयुरिया हे कॅन्सरचं औषध आहे, मंद विष आहे, आजच बंद करा. सिकलसेल म्हणजे रक्ताची कमी. झाडाच्या मुळ्यांचं चूर्ण, सोबत बीट, गूळ आणि लोहाचं टॉनिक ४० दिवस घेतलं की एसएसचा एएस होतो, आणखी ४० दिवसांनी एए. पुरावा म्हणून दोन रिपोर्टांचे फोटो. रक्त चढवून घेऊ नका, सवय लागते. सरकारने २०४७ पर्यंत सिकलसेल संपणार असं जाहीर केलंय, म्हणजे औषध सापडलंय, दडवून ठेवलंय. पाणी भरपूर प्या. आणि सिकलसेलवाल्यांच्या गटात जाऊ नका, दुखण्याच्या गोष्टी केल्या की दुखणं वाढतं. शेवटी फोन नंबर आणि चूर्णाची किंमत, ३,६०० रुपये.

आधी पॅटर्नचं घेते, कारण सगळं चूर्ण त्याच्याच जोरावर विकलं जातंय. पॅटर्न म्हणजे हिमोग्लोबिनचा एक जीन आईकडून आणि एक बापाकडून. दोघांकडून एस आला तर एसएस. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. दोघांकडून ए आला तर एए, म्हणजे सिकलसेल नाही. हे पोटात गर्भ राहतो तेव्हाच ठरतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, फरक एवढाच. पण तो फरक अंगातल्या जीनमध्येच आहे. बीट खाऊन डोळ्यांचा रंग बदलतो का? मग हा कसा बदलेल? लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली विजेच्या प्रवाहात सिकलसेलवाल्याचं हिमोग्लोबिन वेगळं सरकतं हे दाखवलं. आपला पॅटर्न सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी त्याच तत्त्वावर चालते.

मग ते दोन रिपोर्ट? ते खोटे असतीलच असं मी म्हणत नाही. बहीण सारखी तेच विचारत होती, "पण ताई, रिपोर्टवर शिक्का हाय ना." तिला मी माझीच गोष्ट सांगितली. माझ्या बाळंतपणात मला दोन बाटल्या रक्त चढलं होतं. महिनाभराने एका खाजगी लॅबमध्ये तपासणी केली तर रिपोर्टवर एएस. घरात केवढा आनंद! सासूबाईंनी देवीला नवस फेडायचा ठरवला. मग आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी रिपोर्ट पाहून पहिला प्रश्न केला, "रक्त कधी चढलं होतं?" रक्त देणारा एए असतो. त्याच्या पेशी माझ्या अंगात फिरत होत्या, मशीनला ए आणि एस दोन्ही दिसले आणि लॅबने एएस लिहून टाकलं. चार महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा एसएस. दुसऱ्याच्या लाल पेशी तीनचार महिन्यांत संपून जातात. म्हणून रक्त चढल्यावर लगेच पॅटर्नची तपासणी करायची नसते, आणि केलीच तर रक्त चढल्याचं सांगायचं असतं. मेसेजमधल्या माणसाला त्या काळात रक्त चढलं होतं का, हे फोटोवरून कळायला मार्ग नाही. गावात होणारी सोल्युबिलिटीची साधी तपासणी तर एएसलाही पॉझिटिव्ह येते आणि एसएसलाही. तिच्यावरून पॅटर्न ठरवताच येत नाही.

लोहाचं टॉनिक याहून वाईट. आपल्यात रक्त कमी असतं ते लोह कमी म्हणून नाही. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, आपली १० ते २० दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशीतलं लोह अंगातच राहतं. ज्याला वारंवार रक्त चढतं त्याच्या अंगात तर ते साचून यकृत आणि हृदय खराब करतं. माझ्या अंगणवाडीत लोहाचं औषध येतं, एसएस लेकराला मी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजत नाही. आपल्याला लागतं ते फॉलिक ॲसिड. बीट भाजी म्हणून खा, कोणी अडवलं नाही.

आता कॅप्सूल. इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागते: हायड्रोक्सीयुरिया खरंच रक्ताच्या कॅन्सरमध्येही देतात. त्याने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून मधूनमधून रक्त तपासावं लागतं. दिवस राहायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं, बाईनेही आणि पुरुषानेही. हे आपल्याला कोणी नीट बसवून सांगत नाही, कॅप्सूलची पट्टी हातात देतात आणि पुढचा नंबर पुकारतात. म्हणून मग पाकिटावरचं वाचून कोणी 'कॅन्सर' म्हटलं की काळजात धस्स होतं. बहिणीचंही तेच झालं. तिच्यावर मी रागावले नाही.

पण विष? बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. ते असेपर्यंत एसएस बाळालाही त्रास होत नाही. म्हणून तर पहिले पाचसहा महिने आपलं लेकरू चांगलं गुटगुटीत असतं, आणि मग एकाएकी हातापायाला सूज येते. ही कॅप्सूल तेच गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. ते वाढलं की पेशी विळ्यासारखी वाकडी होणं कमी होतं, नसा तुंबणं कमी होतं.

यावर अमेरिकेत मोठी तपासणी झाली, १९९५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आली. २९९ मोठी माणसं, सगळी सिकलसेलची. १५२ जणांना हायड्रोक्सीयुरिया, १४७ जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळतंय ते रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. औषधवाल्यांना वर्षाला दुखण्याचे झटके साधारण २.५, दुसऱ्यांना ४.५. छातीत दुखून श्वास अडकण्याचा जो जीवघेणा प्रकार असतो तो इकडे २५ जणांना, तिकडे ५१ जणांना. रक्त चढवावं लागलं ४८ जणांना, तिकडे ७३. फरक इतका उघड दिसला की तपासणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. पुढे ९ ते १८ महिन्यांच्या बाळांवरही तपासणी झाली, २०११ साली छापली गेली, त्यांचंही दुखणं कमी झालं. चूर्णवाल्याला मी एवढंच विचारते: तुमचं चूर्ण किती जणांना दिलं, किती जणांना दिलं नाही, आणि दोघांत फरक काय पडला?

आणखी एक. कॅप्सूलचा गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. आपली माणसं दोन महिन्यांत कंटाळतात, "काईच फरक नाई" म्हणतात आणि सोडतात. ४० दिवसांचा वायदा करणारा नेमका तिथेच गाठतो. बहिणीच्या पोराला कॅप्सूल सुरू होऊन वर्ष झालं होतं, वर्षात त्याला एकदाही भरती करावं लागलं नव्हतं. ती बंद केली आणि विसाव्या दिवशी तो खाटेवर.

रक्ताची सवय लागत नाही. मात्र गरज नसताना चढवू नये हे खरं आहे. आपलं हिमोग्लोबिन ७-८ वरही टिकून असतं, आणि सिकलसेल न पाहिलेला डॉक्टर तो आकडा बघून लगेच बाटली लावायला निघतो. सिकलसेलचं कार्ड दाखवा आणि "माझं नेहमीचं एवढंच असतं" म्हणून सांगा. पण छाती भरली, पाणथरी (प्लीहा) एकाएकी फुगली, लेकरू पांढरंफटक पडलं, तर रक्तानेच जीव वाचतो. तिथे मेसेज आठवत बसू नका.

२०४७ चं: राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची असं तिचं उद्दिष्ट. लग्नाआधी दोघांना आपापला पॅटर्न कळावा, दोन्ही एएस असतील तर प्रत्येक खेपेला २५ टक्के शक्यता एसएस बाळाची असते हे ठाऊक असावं, यासाठी ती मोहीम आहे. औषध दडवल्याचा तिच्याशी काही संबंध नाही. खरा बरा करणारा उपाय म्हणाल तर जुळणाऱ्या भावाबहिणीच्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जीनवरच्या उपचारालाही परवानगी मिळाली, तेव्हा खर्च २२ लाख डॉलरपासून पुढे होता. दोन्हींबद्दल उघड छापून आलंय, दडवलेलं काही नाही.

पाणी भरपूर प्या हे बरोबर आहे. मे महिन्यात तेंदूपानाला जाताना दोन बाटल्या न्या, एक पुरत नाही. मेसेजमधलं हे एकच वाक्य मी ठेवते.

सगळ्यात जास्त संताप मला शेवटच्या ओळीचा आला. गटात जाऊ नका म्हणे. आमचा गट म्हणजे कार्यालय नाही, पाटी नाही. कॅप्सूलच्या रांगेत ओळखी झालेले पाच गावांतले अकरा जण. आमच्यातल्या एकीला धानाच्या रोवणीच्या दिवसांत कमरेत उठतं. चिखलात, थंड पाण्यात, दिवसभर वाकून. घरचे म्हणायचे, "रोवणी आली का हिचं दुखणं येते." तिच्या वाट्याची रोवणी आता दुसऱ्या गावातल्या एका वाहक बाईने घेतलीय, आणि ही तिच्या घरचा सैपाक आणि लेकरं सांभाळते. हे गटात बोलली नसती तर तिचं दुखणं नाटकच राहिलं असतं.

आमच्याजवळ एका वहीत सगळ्यांचे रक्तगट आहेत आणि कोणाचा भाऊ, कोणाचा पुतण्या रात्री बोलावला तर येईल त्यांचे नंबर. दहावीतल्या एका पोराला आम्ही शिकवलं, दवाखान्यात नुसतं "दुखते" म्हणू नको, दहापैकी किती ते सांग, कुठे ते सांग, घरी काय घेऊन आलास ते सांग. तेव्हापासून त्याला लवकर औषध मिळतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, हे मला कोणत्या कार्यालयाने सांगितलं नाही, गटातल्या एका काकांनी सांगितलं. दुसऱ्या बाळाच्या वेळी मी खचले होते, तेव्हा रोज संध्याकाळी फोन करून "आज पाणी किती पेलीस?" एवढंच विचारणारी बाई याच गटातली. नागपूरचे संपत रामटेके यांना सिकलसेलच्या कामासाठी २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या कामाचा पाया आजारी माणसं आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र आणणं हाच होता.

दुखण्याच्या गोष्टी केल्याने दुखणं वाढत नाही. थंडी, तहान, ताप, अति अंगमेहनत, यांनी वाढतं. आणि एकट्या माणसाला चूर्ण विकणं सोपं जातं. अकरा जणांपैकी कोणीही बहिणीच्या शेजारी राहत असतं तर ती कॅप्सूल बंद झालीच नसती.

काल बहीण पोराला घेऊन पुन्हा गेली. रक्त तपासलं, पेशी बरोबर आहेत, डॉक्टरांनी कॅप्सूल पुन्हा सुरू केली. दोन आठवड्यांनी बोलावलंय. ताप १०१ च्या वर गेला तर घरी वाट बघायची नाही, हेही लिहून दिलंय. घरी आल्यावर तिने फोन केला. "ताई, तो मेसेज मी बारा जणांले पाठोला होता. माह्या जावेलेबी. आता त्याहिले काय सांगू?"

त्यातल्या चौघांच्या घरी एसएस लेकरू आहे. म्हणून हे लिहिलंय. तिने आज सकाळी बाराही नावं मला पाठवली. जावेशी बोलणं झालं, तिने कॅप्सूल बंद केली नव्हती. उरलेल्या तिघांपैकी दोघांचा फोन अजून लागत नाही.