कोकणकडा म्हणजे ज्वालामुखीचं तोंड? काहीही!

काल भाच्याने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, खाली लिहिलं, "मामा, शनिवारी हरिश्चंद्रगड, बिनधास्त!" फॉरवर्ड असा की सह्याद्री हा झोपलेला ज्वालामुखी, गडावरचा कोकणकडा त्याचं तोंड, वज्रेश्वरीचं गरम पाणी त्याचा पुरावा, लोणारही ज्वालामुखीच, आणि कहर म्हणजे लाव्हाचा दगड लोखंडासारखा असतो म्हणून पावसात कड्याच्या अगदी टोकाला गेलात तरी भीती नाही. या शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं.

कातळ लाव्हाचाच आहे, मान्य. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांमधून लाव्हा आला आणि थरावर थर पसरत गेला. पण घोळ तिथेच आहे ना! तो थंड होताना आकसला, उभ्या चिरा पडल्या. थरांच्या मधे कुठे तांबड्या मातीचा मऊ पट्टा, कुठे बुडबुड्यांनी भोकं पडलेला खडक. पाणी चिरांतून आत मुरतं, मऊ थर आधी झिजतो आणि वरचा तुमचा लोखंडी दगड अधांतरी लटकतो. कोकणकड्यावर आपण पालथं झोपून खाली बघतो, तेव्हा पोटाखाली किती दगड उरलाय हे वरून दिसतं का? वर पावसाळ्यात शेवाळ आणि घसारा आहेच. इर्शाळवाडी आठवा, १९ जुलै २०२३ ची रात्र. याच लाव्हाच्या डोंगराचा उतार माती-दगडांसकट खाली आला, आणि ती माणसं टोकाला उभी राहून सेल्फी काढत नव्हती हो, घरात झोपली होती.

तोंडबिंड काही नाही, कडा झिजून तसा झालाय. वज्रेश्वरीला पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं, वर येतं, त्याला खाली लाव्हा लागत नाही. भारतातला जागा ज्वालामुखी अंदमानात, बॅरन बेटावर. आणि लोणार उल्केचं, १९७३ सालीच 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय, प्रचंड आघातानेच बनते तशी काच तिथे सापडली, विषय संपला.

तर भाचेबुवा, जायचंच असेल तर पाचनई गावाकडून जा, घळीतून चढणाऱ्या अवघड नळीच्या वाटेचं नावही काढू नकोस. टोकापासून चार हात लांब बसायचं. ढगात कडा दिसला नाही तर नाही, मंदिर बघ, पिठलं-भाकरी खा, खाली उतर. आणि तो फॉरवर्ड आधी डिलीट कर, आजीने पुढे पाठवायच्या आत.