अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली तरी बुरशी असू शकते

“अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे मेंदूची सूज ऑटोइम्यून, इन्फेक्शन नाहीच. पाठीतलं पाणी पुन्हा काढू देऊ नका. बुरशीचं इंजेक्शन किडनी खातं, बंद करायला सांगा. स्टेरॉइडने पेशंट चार दिवसांत उठून बसतो.” हा मेसेज नातेवाईक आम्हाला लॅबच्या खिडकीत मोबाईलवर दाखवतात. पेशंट आत बेशुद्ध असतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

इन्फेक्शन नाहीच, हे कशावरून? ऑटोइम्यून म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटणं. ते आणि इन्फेक्शन, दोन्ही एकत्र असू शकतात. हर्पिस विषाणूमुळे मेंदूज्वर झालेल्या 51 जणांवर स्पेनमधल्या डॉक्टरांनी लक्ष ठेवलं. 2018 साली छापलेल्या त्या अभ्यासात 14 जणांना पुढे ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (मेंदूची सूज) झाला. क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या मेनिंजायटिसमध्येही (मेंदूच्या आवरणाची सूज) एनएमडीए रिसेप्टर या मेंदूच्या पेशींवरच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. थोड्या आहेत, पण आहेत.

पाणी काढू न देण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. हे मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी, पाठीत सुई घालून काढलेलं. स्लाइडवर त्या पाण्याचा थेंब घ्यायचा, त्यात इंडिया इंक मिसळायची, वर कव्हरस्लिप. सगळं काळंभोर दिसतं, आणि त्यात बुरशीच्या गोल पेशी, प्रत्येकीभोवती लख्ख कडं. ते कडं दिसलं की रिपोर्ट टाइप व्हायच्या आधी मी वॉर्डात फोन लावते. शाईत काही दिसलं नाही तरी बुरशी सुटलेली असू शकते, म्हणून बुरशीचा अंश ओळखणारी क्रिप्टोकॉकल अँटिजेनची पट्टीही लावतो. दहा मिनिटांचं काम. शिवाय या आजारात पाण्याचा दाब 25 सेंटीमीटरच्या वर गेला, तर पाणी काढणं हाच उपचार असतो.

स्टेरॉइडचं म्हणाल तर व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया, लाओस, मलावी आणि युगांडात एचआयव्ही असलेल्या क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसच्या पेशंटना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन पाहिलं. 2016 साली निकाल छापून आला: मृत्यू कमी झाले नाहीत, अपंगत्व वाढलं, पाण्यातली बुरशी हळू कमी झाली. चाचणी मध्येच थांबवावी लागली. 2021 मध्ये स्टेरॉइड आणि वाढलेली साखर यांच्या जोडीने म्युकर या काळ्या बुरशीने आपल्याकडे किती डोळे आणि जबडे नेले, ते आपण पाहिलंय. काही पेशंटना स्टेरॉइड खरंच लागतं, पण बुरशीचं औषध चालू ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखाली.

अँफोटेरिसिनचा, म्हणजे मेसेजमधल्या त्या बुरशीच्या इंजेक्शनचा, किडनीला त्रास होतो, हे खरं आहे. म्हणून तर आधी सलाइन देतात, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वारंवार तपासतात. लायपोसोमल प्रकारात (औषध चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेलं असतं) हा त्रास बराच कमी असतो. परवडत असेल तर तो मागा, पण इंजेक्शन बंद करायला सांगू नका.