‘मेमरी कुठे आहे ते कर्नल बघेल’ हे अर्धंच खरं आहे

नागपुरातल्या सिस्टिम अ‍ॅडमिनच्या आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरते आहे. परसोडीच्या आयटी पार्कात काम करणाऱ्यांनी ती मला पाठवली, कॉलेजातल्या मुलांनीही पाठवली. पोस्टचं म्हणणं असं: सर्व्हरमधली कुठली मेमरी कुठल्या प्रोसेसरजवळ आहे, कुठलं कार्ड कुठल्या सॉकेटला (प्रोसेसर बसतो त्या जागेला) जोडलंय, हे लिनक्सने युजरला दाखवायचं कारणच नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळं सांभाळतो, एका सॉकेटच्या मशीनला हा विषय लागूच होत नाही, दाखवलेले आकडे खोटे असतात, वर सुरक्षेलाही धोका. म्हणून ‘न्यूमा’ (प्रत्येक प्रोसेसरला काही मेमरी जवळची आणि काही लांबची असण्याची रचना) शिकण्यात वेळ घालवू नका. हा शेवटचा सल्ला मुलं मनावर घेतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कर्नल सांभाळतो, हे खोटं नाही. लिनक्स कर्नलच्या ३.८ या आवृत्तीपासून ऑटोमॅटिक न्यूमा बॅलन्सिंग आलं, ३.१३ मध्ये ते बरंच सुधारलं. पण ते चालतं कसं ते बघा. कर्नल थोड्या थोड्या वेळाने काही पेजेसची (मेमरीच्या छोट्या तुकड्यांची) नोंद मुद्दाम अडवून ठेवतो. कुठला थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा भाग) तिथे येऊन फॉल्ट घेतो, म्हणजे अडतो, ते पाहतो, मग पेज तरी हलवतो नाहीतर थ्रेड तरी. म्हणजे त्याला कळतं ते काम सुरू झाल्यावर, आणि त्या पाहण्याचीही किंमत मोजावी लागते.

मूळ नियम तर त्याहून साधा आहे: ज्या कोअरने पेजला पहिला हात लावला, त्याच्या नोडवर (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी यांच्या गटावर) ते पेज. आता दोन सॉकेटचा सर्व्हर घ्या. मेन थ्रेडने एका लूपमध्ये भला मोठा अ‍ॅरे शून्याने भरला, मग दोन्ही सॉकेटवर मिळून ३२ थ्रेड कामाला लावले. नोड ० वर जागा असेल तर अख्खा अ‍ॅरे तिथेच बसतो. निम्मे थ्रेड प्रत्येक वेळी पलीकडच्या सॉकेटकडे धावतात, आणि नोड १ ची मेमरी रिकामी बसून राहते. अशा वेळी ‘न्यूमास्टॅट’ ही आकडे दाखवणारी कमांड पाहिली तर सगळं छान दिसतं, ‘न्यूमा हिट’ आणि ‘लोकल नोड’ वाढत असतात. कारण ते आकडे पेज देताना मोजलेले असतात, पेज वापरताना नाही. खरी गोष्ट दिसते ती ‘प्रॉक’ या कर्नलच्या माहिती-फोल्डरखाली त्या प्रोसेसच्या ‘न्यूमा मॅप्स’ फाइलमध्ये. अ‍ॅरेच्या ओळीत ‘एन०=’ पुढे भलामोठा आकडा, आणि ‘एन१’ चा पत्ताच नाही. अ‍ॅरे भरण्याचं काम त्याच ३२ थ्रेडांत वाटलं की दुखणं जातं. ही फाइल कर्नलने दाखवलीच नसती, तर हे कोणाला कळलं असतं?

आणि डिव्हाइसचं काय? नेटवर्क कार्ड डीएमएने (सीपीयूला मध्ये न घेता थेट) मेमरी वाचतं तेव्हा सीपीयूच्या पेज टेबलमध्ये फॉल्ट पडत नाही, म्हणून बॅलन्सिंगला ते वाचन दिसतच नाही. डीएमएसाठी पिन केलेली (जागेवर खिळवलेली) पेजेस ते हलवत नाही, ह्यूजटीएलबीची (मोठ्या आकाराची) पेजेस तपासतही नाही. कार्ड सॉकेट १ ला आणि ते वापरणारा प्रोग्रॅम सॉकेट ० वर, ही जोडी मोडायची तर माणसालाच ठाऊक हवं. प्रत्येक पीसीआय डिव्हाइसच्या सिसएफएस (कर्नल हार्डवेअरची माहिती दाखवतो त्या) फोल्डरमध्ये ‘न्यूमा नोड’ आणि ‘लोकल सीपीयू लिस्ट’ या फाइली त्यासाठीच आहेत. ड्रायव्हर स्वतःचे बफर घेताना हीच माहिती वापरतो. ड्रायव्हरला उपयोगी असलेली गोष्ट प्रोग्रॅमरपासून का लपवायची?

एका सॉकेटचा मुद्दा लवकर आटपतो. २०१७ मध्ये आलेल्या एएमडीच्या पहिल्या एपिक प्रोसेसरमध्ये एका सॉकेटमध्ये चार डाय (सिलिकॉनचे वेगळे तुकडे) होते, आणि लिनक्सला ते चार नोड म्हणून दिसत. सीएक्सएल या जोडणीने बाहेरून लावलेली मेमरीही बहुतेक वेळा सीपीयू नसलेला वेगळा नोड होऊन येते.

आकड्यांच्या बाबतीत मात्र पोस्टमध्ये तथ्य आहे, ते मान्य करायलाच हवं. ‘डिस्टन्स’ फाइलमधले १० आणि २०, २१ हे फर्मवेअरच्या स्लिट या नोडांमधल्या अंतराच्या तक्त्यातून येतात. जवळच्याला १० धरायचं आणि बाकीचं त्या तुलनेत. बरेच उत्पादक ते मोजून भरत नाहीत, त्यामुळे २० म्हणजे दुप्पट वेळ असं समजणं चूकच. शिवाय हा आकडा बर्डीहून कामठी किती लांब एवढंच सांगतो, त्या रस्त्यावरून एका वेळी किती ट्रक जातात ते सांगत नाही. पण ही उणीव ओळखूनच एसीपीआय (फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमला माहिती कशी द्यायची त्याचं मानक) ६.२ मध्ये, २०१७ साली, मेमरीचा वेग सांगणारा एचमॅट तक्ता आला. २०१९ च्या ५.२ कर्नलपासून लिनक्स तो सिसएफएसमध्ये दाखवतो: लेटन्सी (लागणारा वेळ) नॅनोसेकंदात, बँडविड्थ (एका वेळी किती माल जातो) एमबी प्रति सेकंदात. त्यातही सगळ्या जोड्यांचं कोष्टक ओतलेलं नाही, त्या मेमरीशी सर्वांत चांगलं जमणाऱ्या नोडांपुरतेच आकडे आहेत. फर्मवेअरने काहीच सांगितलं नसेल तर पीसीआयच्या फाइलमध्ये सरळ -१ दिसतं. रूटला तिथे योग्य नोड लिहिता येतो, आणि लिहिल्यावर कर्नल स्वतःवर टेंटची (‘नेहमीपेक्षा वेगळं काही झालंय’ अशी) खूण करून ठेवतो, म्हणजे माहिती हाताने भरल्याचं लपत नाही. आकडा चुकीचा असेल तर उत्पादकाकडे तक्रार करायलाही तो आधी दिसावा लागतो.

सुरक्षेचा मुद्दा पोस्टने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून मांडलाय. रोहॅमर या मेमरीवरच्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये बंधन आलं ते ‘पेजमॅप’ या फाइलमधल्या फिजिकल पत्त्यांवर, साध्या युजरला ते आता मिळत नाहीत. कुठला नोड किती जवळ, हे सांगण्यात तसला पत्ता नसतो. दुसऱ्याच्या प्रोसेसची ‘न्यूमा मॅप्स’ वाचायलाही डीबगरला लागते तशी परवानगी लागते.

राहिला न शिकण्याचा सल्ला. मुलांनो, कॉलेजच्या लॅबमध्ये दोन सॉकेटचं मशीन असेल तर वरचा अ‍ॅरेचा प्रोग्रॅम लिहा. आधी एका थ्रेडने भरून, मग सगळ्यांत वाटून, आणि तिसऱ्यांदा ‘न्यूमाकंट्रोल’ (numactl) कमांडच्या इंटरलीव्हने, म्हणजे पेजेस नोडांवर आळीपाळीने वाटून, चालवा. बॅलन्सिंग सुरू ठेवून आणि बंद करून, दोन्ही प्रकारे वेळ मोजा, आणि ते आकडे ज्या ग्रुपवर ती पोस्ट आली त्याच ग्रुपवर टाका.