‘स्ट्रिंग, कमाल ३२’ एवढंच लिहून मोकळे होणाऱ्यांनो

स्ट्रिंग म्हणजे मजकुराचं फील्ड, पण ३२ काय? बाइट, कोडपॉइंट (युनिकोडमधला एकेका चिन्हाचा क्रमांक) की डोळ्यांना दिसणारी अक्षरं? एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट करण्याची पद्धत, कोणतं? संपल्याची खूण म्हणून शेवटी शून्य किमतीचा बाइट येतो की नाही? यातलं काहीही न सांगता राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट खुशाल बाजारात आणता, आणि निस्तरत बसायचं नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी!

वायफायचं नाव घ्या. त्याला, म्हणजे एसएसआयडीला, जास्तीत जास्त ३२ बाइट मिळतात. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये ३ बाइट खातो. ‘मुख्य ग्रंथालय’ म्हणजे १३ कोडपॉइंट आणि एक स्पेस, एकूण ४० बाइट. सेटिंगचं वेबपान मात्र १४ मोजतं आणि खुशाल पुढे जाऊ देतं. मग उपकरणातलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, ३२व्या बाइटनंतर कात्री चालवतं. उरतं ‘मुख्य ग्रंथ’ आणि त्याला चिकटलेला पुढच्या कान्याचा पहिला बाइट. झालं, नाव अवैध यूटीएफ-८! अरे, बसत नसेल तर सरळ एरर द्या. कापायचंच असेल तर वगळला जाणारा पहिला बाइट बघा. त्याचे वरचे दोन बिट १० असतील तर ते तसे नसलेला बाइट येईपर्यंत एकेक मागे या आणि त्याच्या आधी कापा. चार ओळींचा कोड आहे हा.

आणि एसएसआयडी परस्पर ‘नॉर्मलाइझ’ करू नका, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करत बसू नका. ‘ऱ’ एका कोडपॉइंटने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोघांनीही. दिसायला सारखेच, बाइट वेगळे. लपवलेलं नेटवर्क हाताने नाव टाकून जोडायचं असेल तर फोन भलतंच नाव शोधत बसतो, आणि लोक पासवर्ड बदलत राहतात.

नेटवर्कवर येणाऱ्या उपकरणाला पत्ता देणाऱ्या डीएचसीपीचा ऑप्शन १२, होस्टनेम (उपकरणाचं नाव), हा तर संतापाचा कळस. १९९७च्या आरएफसी २१३२ या इंटरनेटच्या नियमपत्रानुसार तिथे आस्की, म्हणजे फक्त साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं, हवं. शेवटी शून्य बाइट पाठवू नये, पण आलाच तर घेणाऱ्याने तो काढून टाकायची तयारी ठेवावी, हेही तिथेच लिहिलंय. तरी क्लायंट लॅटिन-१, यूटीएफ-८, वाटेल ते कोंबतात, कोणतं ते सांगणारा एकही बिट त्या ऑप्शनमध्ये नाही, आणि सर्व्हर आलेले बाइट न तपासता साठवतो. साठवलेल्या नावांची तीच यादी नेटकॉन्फमधून, म्हणजे उपकरणं हाताळायच्या एक्सएमएलवर चालणाऱ्या प्रोटोकॉलमधून, मागितली की संपलं. एक्सएमएल १.०मध्ये शून्य बाइट कुठल्याही रूपात चालत नाही. एका प्रिंटरच्या नावातल्या शून्य बाइटपायी पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम) अख्खं उत्तर फेकून देतो, आणि लॉगमध्ये फक्त ‘पार्स एरर’. कुठल्या लीजमुळे, म्हणजे दिलेल्या कुठल्या पत्त्याच्या नोंदीमुळे, ते शोधा वायरशार्क या नेटवर्क तपासायच्या प्रोग्रॅममध्ये हेक्स बघत!

नेटकॉन्फच्या डेटाचं मॉडेल ज्या भाषेत लिहितात त्या यांगची गंमत निराळी नाही. आरएफसी ७९५०प्रमाणे स्ट्रिंगची लांबी युनिकोड कॅरेक्टरमध्ये मोजतात. मॉडेलमध्ये ६४ लिहायचं, उपकरणात ६४ बाइटचा बफर ठेवायचा, आणि व्हॅलिडेशन पास झालेलं कॉन्फिगरेशन कमिट करताना आपटायचं. उपकरणांवर नजर ठेवायच्या एसएनएमपी प्रोटोकॉलमधलं सिसलोकेशन, म्हणजे उपकरण कुठे आहे ते सांगणारं फील्ड, तर अजून ७ बिटी आस्कीतच अडकलंय.

प्रोटोकॉलने कॅरेक्टर सेट कोणता ते स्पष्ट सांगावं आणि यूटीएफ-८ वापरता यावं, हे आरएफसी २२७७ने १९९८मध्येच बजावलं होतं. प्रत्येक फील्डपुढे एन्कोडिंग आणि मोजण्याचं एकक लिहा. आणि रिलीजआधी ४० बाइटचं नाव, तुटका यूटीएफ-८ आणि शेवटी शून्य बाइट असलेलं होस्टनेम, हे तिन्ही टाकून बघा. आमच्याकडे पाठवण्याआधी!